थर्ड क्लासचा पडदा

(परभणीत तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी टॉकीजवर बोलणार म्हटल्यावर आपल्यातला एकजण कुजबुजला, "च्यायला, आरक्षणावर बोल, अत्याचारावर बोल, हे टॉकीज काय काढलंस?" बरोबर आहे त्याचं. पण मी म्हणतो, टॉकीजवर बोलणं म्हणजे जातीवरच बोलणं आहे. कसं ते सांगतो.

घटना काढा. कलम १५ काढा. त्यातलं दुसरं पोटकलम वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या नावाखाली कुणालाही दुकानात, हॉटेलात, सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जायला अडवता येणार नाही, असं तिथं आहे. त्याच्याच खाली विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते आहेत. म्हणजे महाडचं चवदार तळं आणि आपली टॉकीज एकाच पोटकलमात शेजारी बसलेत. १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आपल्याला पाठ आहे. पण त्या पोटकलमातली करमणुकीची जागा कुणी नीट वाचत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला, त्यातही करमणुकीच्या जागी अडवणाऱ्याला शिक्षा सांगितलेली आहे. मी तर मॅट्रिक झालेला माणूस, मला कायद्यातलं फार कळत नाही. पण एवढं कळतं, की ज्या दारात कुणी अडवतच नव्हतं, त्या दारासाठी कायदा करावा लागत नाही.

या परभणीत २०२४ च्या १० डिसेंबरला रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी, त्याच घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढं काय झालं, धरपकड कशी झाली आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी कसा गेला, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्या पुस्तकासाठी आपण रस्त्यावर येतो, त्या पुस्तकातला एकेक शब्द आपल्या बापजाद्यांच्या अंगावरून गेलेला आहे. टॉकीजचासुद्धा.

आता इतिहास. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं हलती चित्रं दाखवली. हॉटेल गोऱ्यांचं. १९१३ च्या ३ मे रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. हे सगळं शाळेत शिकवतात. पण आपला जिल्हा तेव्हा मुंबईत नव्हता. आपण निजामाचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे. आणि गंमत ऐका, सिनेमाच्या धंद्यात आपण नंतरही निजामाचेच राहिलो. सिनेमावाले देशाचे तुकडे पाडून पिक्चर विकतात, त्या तुकड्यांना ते सर्किट म्हणतात. मराठवाडा, तेलंगण आणि तिकडचे कानडी जिल्हे मिळून त्यांचं सर्किट झालं, त्याचं नाव 'निजाम'. राज्य गेलं, राजा गेला, संयुक्त महाराष्ट्र झाला, तरी परभणीचा गल्ला निजामाच्याच खात्यात. म्हणून आपल्याकडचा म्हातारा अजून तमाशापेक्षा हिंदी पिक्चरचे डायलॉग जास्त बोलतो, आणि तेही दखनी वळणानं. महारवाड्यातला आणि मोमीनपुऱ्यातला माणूस एकाच बाकावर बसून एकाच वेळी शिट्टी मारायचा. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, पण आहे.

खेड्यात टॉकीज कुठून येणार? तंबू यायचा. टुरिंग टॉकीज. जत्रेत, उरुसात, परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो तशा ठिकाणी. ट्रकमधून मशीन, इंजिन, कनात, पडदा. अंधार पडल्याशिवाय खेळ नाही, कारण तंबूतनं उजेड शिरतो. खाली जमीन, मधे दोरी. दोरीच्या एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बाया. मशीन एकच असलं तर रीळ संपलं की खेळ थांबणार, दुसरं चढवेपर्यंत लोक विड्या ओढणार.

माझा आजा पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यात सालगडी होता. तो सांगायचा, जत्रेतल्या तंबूत आम्हाला पडद्याच्या मागच्या अंगाला बसवायचे. पातळ पडदा, त्यातून चित्र पलीकडंही दिसतं, फक्त उलटं. तिकीट स्वस्त. गरीब माणसं सगळ्याच गावांत पडद्यामागं बसायची, हे खरं आहे. पण आमच्या गावात मागं कुणी बसायचं ते पैशावर ठरत नव्हतं. आज्याच्या खिशात पुढच्या तिकिटाचा आणा असला तरी मागंच. त्यानं आयुष्यातली पहिली दहा-बारा पिक्चरं उलटी बघितली. हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा. पाटी उलटी. आज्याला वाचता येत नव्हतं म्हणून त्याला पाटीचं काही वाटलं नाही. पण तालुक्याला जाऊन पहिल्यांदा पुढून पिक्चर बघितलं, तेव्हा तो म्हणला, "अरे, हा तर उजवा हाय!"

तुम्ही हसलात. मी पण हसायचो. आता हसू येत नाही.

शहरातल्या टॉकीजनं काय केलं? तिनं तिकीट आणलं. भिंतीत एक भोक, त्यात हात घालायचा, आतला माणूस तोंड बघत नाही, पैसे बघतो. देवळात तोंड बघतात. पाणवठ्यावर तोंड बघतात. शाळेत आडनाव विचारतात. इथं तुमच्या हातात एक रंगीत चिटोरं येतं आणि दारावरचा डोअरकीपर ते फाडतो. मग अंधार. अंधारात शेजारी कोण बसलाय ते कळत नाही, आणि कळलं तरी पुढचा सीन सुटेल म्हणून कुणी उठत नाही. मी टॉकीजला क्रांती म्हणत नाही. पण आमच्या आज्या-बापाच्या पिढीला गावाबाहेर पडल्यावर जी पहिली अशी जागा मिळाली, की जिथं पैसे दिले की कुणी 'तू कोण?' म्हणून विचारत नाही, ती जागा टॉकीज होती. दुसरी जागा रेल्वे. आमच्या पूर्णा जंक्शनात दोन्ही गोष्टी लोकांना लवकर कळल्या.

आता लगेच त्याची दुसरी बाजू. टॉकीजनं जात अंधारात ठेवली पण पायऱ्या ठेवल्याच. थर्ड क्लास, सेकंड, फर्स्ट, बाल्कनी, बॉक्स. थर्ड क्लास पडद्याच्या नाकासमोर. मान वर करून तीन तास. बाल्कनीत वकील, डॉक्टर, आडत्या, मास्तर. कायदा म्हणतो जात विचारू नका. मालक म्हणतो, विचारतोय कोण? दर बघा आणि बसा. आता सांगा, परभणीच्या थर्ड क्लासमध्ये कोण बसायचं? हमाल, सालगडी, जिनिंगमधले मजूर, टांगेवाले, रिक्षावाले. म्हणजे आम्हीच. न विचारता तिथंच बसवलं.

अमेरिकेत काळ्या माणसांचं उलटं होतं. तिकडं दक्षिणेत काळ्यांना वर बाल्कनीत बसवायचे. वेगळा जिना, कुठंकुठं वेगळी खिडकी. गोरे खाली, चांगल्या खुर्च्यांत. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, त्यात हॉटेलांबरोबर सिनेमाघरांचं नाव आहे. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, त्या पोरांच्या आईबापांनी पिक्चर वरच्या अंधारातून बघितलं होतं. आमच्यांनी खालून, नाहीतर मागून. जागा कुठली का असेना, माणूस कुठं बसणार ते दुसराच ठरवतो, हे दोन्हीकडं सारखं.

टॉकीज चालवायचं कोण? मालकाचं नाव पाटीवर. पण भिंतीला खळ लावून पोस्टर चिकटवणारा कोण? टांग्यात भोंगा लावून "आज शेवटचा दिवस" ओरडत फिरणारा कोण? स्टेशनवर आलेल्या रिळांच्या पेट्या डोक्यावर वाहणारा कोण? तीन खेळांनंतर शेंगांची टरफलं आणि पानाच्या पिचकाऱ्या काढणारी बाई कोण? वर मशीनच्या खोलीत कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणून ठिणगी पाडणारा, त्या धगीत बनियन भिजवून उभा राहणारा ऑपरेटर कोण? दोन मशीनं असायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो, त्या ठिपक्यावर नजर ठेवून दुसरं मशीन चालू करायचं. खाली हजार माणसं रडतायत, हसतायत, आणि हा माणूस ठिपक्याची वाट बघतोय. पिक्चरच्या इतिहासात हिरोंची चरित्रं आहेत. ठिपक्याकडं बघणाऱ्याचं एक पानही नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. मराठवाडा खडी फोडायला लागला आणि खडी फोडून उरलेला मुंबईला गेला. आमच्या घरातला एक माणूस तेव्हा गेला, त्याच्या मागं बाकीचे, त्यांच्या मागं मी. मी गोदीत काम करतो. पाळी संपली की मुंबईत मजुरानं बसायचं कुठं? खोलीत दहा माणसं, झोपायच्याही पाळ्या. बागेत पोलीस उठवतो. म्हणून टॉकीज. पिलाहाऊसला जाऊन बघा. मूळ शब्द 'प्ले हाऊस'. ग्रँट रोडला १८४६ साली नाटकगृह झालं, १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथं नाटक केलं, मग पारशांची नाटकं, तमाशे, मग सिनेमा. साहेबाचा शब्द मजुराच्या तोंडात पिलाहाऊस झाला. आल्फ्रेड, रॉयल, निशात अशी ओळीनं थिएटरं. जुनी पिक्चरं, कमी पैसे, वर पंखा. रात्रपाळी करून आलेला माणूस तिकीट काढतो आणि झोपतो. अमिताभ पडद्यावर दहा जणांना मारत असतो आणि खाली शंभर जण घोरत असतात. मी स्वतः असा झोपलोय. पिक्चरचं तिकीट नव्हतं ते, तीन तासांच्या छपराचं भाडं होतं. त्याच गल्ल्यांना लागून गोलपिठा. तिथला टॅक्सी ड्रायव्हर नामदेव ढसाळ यानं १९७२ साली त्याच नावाचं पुस्तक काढलं आणि मराठी कवितेची बाल्कनी हलवली.

तिकडं लालबाग-परळात गिरणगावाची थिएटरं. भारतमाता हे मराठी पिक्चरचं थिएटर, गिरणीच्या जागेवरचं. दादरच्या कोहिनूरमध्ये १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी मराठीपणाचं भांडण झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. मराठी पिक्चरला पडदा मिळाला पाहिजे, कबूल. पण त्या पडद्यावर मराठी म्हणून कोण दिसणार, त्यासाठी कोण भांडलं? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. संप कधी मागं घेतलाच गेला नाही, गिरण्याच संपल्या. ज्याच्या हातात पगाराचं पाकीट नाही, त्याला शनिवारचा खेळ नाही. गिरणगावच्या टॉकीज व्हिडिओनं मारल्या असं म्हणतात. अर्धं खरं आहे. अर्ध्या मारल्या त्या गिरणीच्या बंद भोंग्यानं.

आता पडद्याकडं बघू. इतकी वर्षं मान वर करून आपण काय बघितलं? पहिलंच पिक्चर 'राजा हरिश्चंद्र'. गोष्ट माहीत आहे ना? राजाचं सगळं जातं, बायको-पोर विकली जातात. आणि सगळ्यात मोठं दुःख कुठलं? राजाला मसणवाटीत डोंबाची चाकरी करावी लागते. म्हणजे त्यांच्या राजाची जी शेवटची विटंबना, ती आमची रोजची भाकरी. गोष्ट राजाच्या बाजूनं रडते. त्या डोंबाला कुणी विचारलं नाही, बाबा, तुझं कसं चाललंय?

१९३६ चा 'अछूत कन्या'. फाटकावरच्या गेटमनची पोर. शेवटी गाडीखाली मरते. १९५९ चा 'सुजाता'. ती रक्त देते तेव्हा तिला घरची म्हणतात. चांगली पिक्चरं आहेत, करणारी माणसंही चांगली. पण हिशेब बघा. अस्पृश्य पोरगी माणूस ठरायची असेल तर तिनं एकतर मरायचं, नाहीतर रक्त द्यायचं. नुसतं जगून चालत नाही.

आणि खरीखुरी अस्पृश्य पोरगी पडद्यावर आली तेव्हा? केरळात पी. के. रोझी. मल्याळममधल्या पहिल्या पिक्चरची, 'विगतकुमारन'ची नायिका. तिनं नायर बाईचं काम केलं. त्रिवेंद्रमच्या टॉकीजमध्ये वरच्या जातीच्या लोकांनी पडद्यावर दगड मारले. तिला तो मुलूख सोडून पळावं लागलं. देवीचं काम पुरुषानं केलं तरी चालतं, फाळक्यांची तारामती पुरुषच होता. पण नायर बाईचं काम आमच्या बाईनं केलेलं चालत नाही.

१९५४ साली अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला. त्याच्या चित्रीकरणाचा आरंभ बाबासाहेबांच्या हस्ते झाला. त्या पिक्चरला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. आता २०२५ वर या. 'फुले' नावाचा हिंदी पिक्चर ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं महार, मांग, पेशवाई असले शब्द काढायला सांगितले, आणि पिक्चर आला २५ एप्रिलला. एकाहत्तर वर्षांत आपण पुढं आलो की मागं गेलो? जात पाळली तर चालते, जातीचा शब्द उच्चारला की कात्री.

पण पडदा बदललाही आहे. २०१४ साली नागराज मंजुळेचा 'फँड्री' आला. कैकाड्याचं घर, डुकरं धरायचं काम. बाबासाहेबांचं चित्र काढलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून बापलेक डुक्कर वाहून नेतात. शेवटी जब्या दगड मारतो आणि तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो. रोझीच्या वेळी दगड थिएटरातून पडद्यावर गेला होता. या वेळी पडद्यातून थिएटरात आला. बाल्कनीपर्यंत आला. मग २०१६ चा 'सैराट'. गावोगाव रात्री बाराचे, तीनचे खेळ लागले. शंभर कोटींवर गेलेला तो पहिला मराठी पिक्चर. ते पैसे कुणाचे? ट्रॅक्टरमधून, टेम्पोतून आलेल्या पोरांचे. थर्ड क्लासचे.

आणि नेमकं तेव्हाच थर्ड क्लास बंद झाला होता. आपला माणूस पडद्यावर आला आणि आपल्या माणसाची टॉकीज गेली.

मॉलमधल्या थिएटरात एकदा मी गोदीतून सरळ गेलो. कपड्यावर ग्रीस, पायात सेफ्टी बूट. तिकीट खिशात होतं. दारावरच्या गार्डनं मला बाजूला घेतलं, पिशवी उलटी केली, डब्यातली भाकरी बाहेर काढली, म्हणाला, "ये अंदर नहीं चलेगा." भाकरी म्हणाला का मला म्हणाला, ते मी अजून ठरवतोय. गार्डही आपल्यासारखाच, बारा तासांच्या ड्यूटीचा. त्याच्याशी भांडून काय मिळणार? पण कलम १५ तिथं लागू आहे का? आहे. जात विचारली का? नाही. फक्त भाकरी विचारली.

करांचंही ऐका. २०१७ च्या १ जुलैला करमणूक कर जाऊन जीएसटी आला. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के, शंभरपर्यंत १८. २०१९ पासून १८ आणि १२. २०२५ च्या सप्टेंबरात शंभरपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के केला. छान केलं. पण शंभराच्या आतलं तिकीट विकणारी टॉकीज जागेवर राहिली किती? ताट गेल्यावर वाढपी आला.

गोदीतही मी हेच बघतो. पूर्वी जहाज रिकामं करायला टोळ्याच्या टोळ्या लागायच्या, हुक घेऊन. १९८९ साली न्हावाशेवाचं बंदर झालं, माल कंटेनरात गेला, क्रेननं उचलला. माल वाढला, माणसं गेली. सिनेमाचंही तसंच. रीळ गेलं, उपग्रहावरून आणि डिस्कवरून पिक्चर यायला लागलं, ऑपरेटर घरी गेला. पिक्चर वाढली, बघणारा गेला. नव्या मशीनला माझा विरोध नाही. मशीन कुणाच्या हातात आहे, एवढंच मी विचारतो.

मग करायचं काय? गळा काढायला मी परभणीला आलो नाही. तीन गोष्टी सांगतो.

एक. आपल्या जिल्ह्यात, गंगाखेड, सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी, पूर्णा, जिथं जाल तिथं म्हातारे ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टरवाले, झाडणाऱ्या बाया शोधा. त्यांच्याशी बोला, लिहून घ्या, मोबाइलवर आवाज घ्या. तंबूत कोण कुठं बसायचं ते विचारा. बायांना आधी विचारा. माझ्या आईनं शहरातल्या टॉकीजचं दार बघितलं नाही, कारण तिथल्या शिट्ट्या आपल्याच पोरांच्या असायच्या. हेही लिहा. आपला इतिहास आपल्यालाच गोड करून सांगू नका.

दोन. टॉकीज पाडून दुसरं काही बांधायचं तर जुन्या खुर्च्यांचा काही हिस्सा थिएटर म्हणून ठेवला पाहिजे, असा आपल्या राज्यात नियम आहे. मालकांच्या संघटना म्हणतात, तो काढा. आपण म्हणायचं, राहू द्या, आणि त्या हिश्श्यात स्वस्त तिकिटाचा खेळ सक्तीचा करा. मोर्चा काढायला हा विषय लहान वाटेल. पाण्याचा विषयही काही लोकांना लहान वाटला होता.

तीन. वाट बघू नका. आनंद पटवर्धनांनी १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारापासून चौदा वर्षं खपून 'जयभीम कॉम्रेड' केला.  वस्त्यावस्त्यांत पडदा बांधून दाखवला. आज प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. चौदा एप्रिलला डीजेला जे पैसे जातात त्यातून एक रात्र बाजूला काढा. समाजमंदिरासमोर पांढरी चादर बांधा. 'फँड्री' दाखवा, 'महात्मा फुले' दाखवा, चांगली परदेशी पिक्चरं दाखवा. दोरी बांधू नका. आणि पिक्चर संपल्यावर उठू नका, त्यावर भांडा. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहा, ज्याला मोबाइलवर शूट करता येतं त्यानं शूट करा. ऑपरेटर आपण, डोअरकीपर आपण, पडद्यावर आपण.

फक्त एक बघा. चादरीच्या मागं कुणी बसलेलं असेल, तर त्याला हाताला धरून पुढं आणा.

जयभीम.